कुमुद, तू ठेवलेला कोपरा

कुमुद, तुझ्या तेरवीची पत्रिका मीच छापली. तुझा भाऊ विलास मजकूर घेऊन दुकानात आला तेव्हा त्याला दुसरीकडे पाठवावं असं एकदा मनात आलं होतं. पण दुसऱ्या कोणी केलेली चूक मला बघवली नसती, आणि कामाला नाही म्हणायची मला सवय नाही. प्रूफ तीनदा वाचलं. सव्वीस वर्षं मी हेच करते आहे. लग्न, वास्तू, बारसं, तेरवी. छापलेल्या कागदावर कुठे काय सुटलंय ते मला हातभर लांबून दिसतं, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचे. आता सांगत नाही.

तुझा जन्म कुठे झाला, तू कोणत्या कचेरीत किती वर्षं काढलीस, हे सगळं पत्रिकेच्या मागच्या बाजूला आलं आहे. मला लिहायचं आहे ते सतरा कागदांबद्दल. ते माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहेत, तारखेप्रमाणे लावलेले. त्यांच्याबद्दल तू एकदाच मला विचारलंस आणि मी खोटं सांगितलं. तेवढं दुरुस्त करायचं आहे. हे सर वाचतील, मडावी वाचतील, विलासही वाचेल, म्हणून तुला माहीत असलेल्या काही गोष्टीही सांगाव्या लागतील. कंटाळू नकोस.

नऊ वर्षांपूर्वी देवतळे सर माझ्या दुकानात शब्दकोड्याचा एक कागद घेऊन आले. पवनारचे, विज्ञानाचे मास्तर, नुकतेच निवृत्त झालेले. तेरा घरं उभी, तेरा आडवी, काही काळी, काही पांढरी, उजवीकडे बारीक अक्षरात सूत्रं. "असं छापून मिळेल का?" मी सूत्र वाचलं. 'बाबा, जरी उशीर झाला तरी आत धान्य आहे. तीन अक्षरं.' मी म्हटलं, सर, कोणाच्या घरात धान्य आहे, कोणाला उशीर झाला, काहीच कळत नाही, वरून खाली एकदा नीट लिहून आणा. तू माझ्या मागे उभी होतीस, विलासच्या मुलीच्या बारशाची पत्रिका न्यायला आलेली. खांद्यावरून वाकून पाहिलंस आणि म्हणालीस, "बाजरी."

"काय?"

"बाबा, जरी. त्याच्या आतच बसली हाय ना बाजरी. दिसत नाई का वं तुले?"

सरांनी तुझ्याकडे असं पाहिलं की जणू त्यांना हरवलेली बहीण सापडली. उशीर, बाबा, सगळी नुसती हूल. खरं उत्तर शब्दांच्या आत दडवलेलं. साधं कोडं ज्याला ज्ञान आहे तो सोडवतो, असं सर म्हणायचे, पण गूढ कोडं ज्याला संशय घेता येतो त्यालाच सुटतं. त्या दिवसापासून तू संशय घ्यायला शिकवलंस मला. 'डाव उलटला तरी खायला मिळालं, दोन अक्षरं.' वडा. 'वाहते सरळ, उलटी फिरली की गरीब.' नदी. प्रत्येक साध्या वाक्याकडे वाकड्या नजरेनं बघायचं. आणि इतकं सगळं शिकून, नऊ वर्षं दर रविवारी तालीम करून, जे माझ्यासमोर उघडं पडलं होतं त्याचा मला संशय आला नाही.

दर रविवारी सकाळी पवनारला, सरांच्या ओसरीवर. तू सेलूहून दुचाकीवर, मी वर्ध्याहून बसनं, मडावी हिंगणीकडून मोटारसायकलवर. मडावी वनखात्यात, जंगलातला माणूस; घरी गोंडी बोलणारा, आमच्याशी वऱ्हाडी, आणि कोडी मात्र शुद्ध पुस्तकी मराठीतली सोडवणारा. सर दर आठवड्याला एक नवं कोडं करायचे आणि दोन प्रती द्यायचे. एक मडावींना, कारण त्यांना चौकीवर बसून एकट्यानं झगडायला आवडायचं. एक आपल्या दोघींत. ती आधी तुझ्याकडे, आणि बुधवारी कचेरीत जाताना तू ती माझ्या दुकानात टाकायचीस.

पहिले काही महिने तू मला भरलेलाच कागद द्यायचीस. हिरव्या शाईनं, एकही घर न सोडता. मी चिडले. म्हटलं, मी काय याला चौकट करून भिंतीवर लावू? त्याच्या पुढच्या बुधवारी कागद आला त्यात उजवीकडचा वरचा कोपरा रिकामा होता. सात-आठ शब्द. मी विचारलं, "हे सोडलंस, की सुटलं नाही?"

तुला ते फार लागलं. तू काउंटरवर पिशवी ठेवलीस आणि म्हणालीस, "असं विचारत नसतात वं, नंदा. जेवाले बसवलेल्या माणसाले तू विचारते का, उरलं म्हणून वाढून राह्यली का मी?"

रविवारी तू ते सगळ्यांसमोर सांगितलंस. सर म्हणाले, बरोबर आहे, हा आपला नियम. कोणी घर रिकामं ठेवलं तर ठेवलं. सोडलं की सुटलं नाही, हे कोणी कोणाला विचारायचं नाही. मडावींनी मान डोलावली. तेव्हापासून आपल्या ओसरीवर हाच शिष्टाचार होता. कोणी अडला तरी त्याला जाणवू द्यायचं नाही. चांगला नियम होता, कुमुद. आठ वर्षं त्यानं कोणाचं काही बिघडवलं नाही.

तू दर वेळी कोपरा बदलायचीस. कधी वरचा उजवा, कधी खालचा, कधी मधलंच एखादं बेट. मला कुठे दमवता येईल याचा विचार करून ठेवायचीस. मी तो पेन्सिलनं भरायचे. मग कागद माझ्याकडेच राहायचा, कारण मी काहीच टाकून देत नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कोपरा बदलायचा थांबला.

खालचा डावा. पुढच्या बुधवारी परत खालचा डावा. मला वाटलं विसरलीस. तिसऱ्यांदा वाटलं, काहीतरी डाव टाकते आहेस. मी शोध घेतला. डाव्या कोपऱ्यातली उत्तरं जोडून काही निघतं का, हे मी दोन संध्याकाळ बघत बसले. काही निघालं नाही. मग कोपरा वर सरकू लागला. फेब्रुवारीच्या शेवटी डावीकडच्या खालच्या चार ओळी, मार्चमध्ये सहा ओळी. होळीनंतरच्या कागदावर डावीकडचा पूर्ण पट्टा माझ्या पेन्सिलीचा आहे, वरपासून खालपर्यंत. मी ते कागद एकाशेजारी एक आता लावून पाहिले. जुन्या भिंतीला खालून ओल चढते तशी माझी पेन्सिल चढत गेली आहे, आणि तुझी हिरवी शाई उजवीकडे दाबत गेली आहे. एकेक कागद हातात असताना ते दिसत नाही. नाही, हे खोटं आहे. दिसत होतं. मी त्याचा दुसराच अर्थ लावत होते.

डिसेंबरात माझी मुलगी नोकरीला हैदराबादला गेली. त्यानंतरच्या एका रविवारी मी हात धुवायला मागे गेले होते आणि तू सरांच्या बायकोला, काकूंना, सांगत होतीस, "नंदा एकटी पडली हो काकू. तिले कशात तरी गुंतवलं पाह्यजे." मी ऐकलं. तुला कधी बोलले नाही. ते माझ्या डोक्यात राहिलं, आणि संक्रांतीनंतर कोपरा वाढू लागला तेव्हा मला कारण सापडलं. कुमुदला माझी दया येते. कुमुद मला काम काढून देते आहे. बघ, सूत्र कसं बेमालूम बसलं. सगळी अक्षरं जुळली आणि उत्तर चुकीचं.

त्या दिवसांतल्या बाकीच्या गोष्टी मला आता झोपेतूनही पाठ म्हणता येतील. तुझ्या गाडीचा डावा आरसा मोडला. "गेटले घासली," म्हणालीस. आठ दिवसांत डावीकडचं इंडिकेटर गेलं. तेही गेटलाच. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर तपासून घे, म्हातारी झालीस. तू लगेच तपासून आलीस आणि दुकानात येऊन कागद नाचवलास: "नंबर तोच हाय. डोळे एकदम फर्स्टक्लास. आता बोल." खरंच तोच होता. समोरच्या पाटीवरची शेवटची बारीक ओळ तू घडाघडा वाचली होतीस.

मग ते पोहे. काकूंनी बशी दिली, तू बोलत बोलत खाल्लीस आणि बाजूला ठेवलीस. उजवीकडचे अर्धे पोहे संपलेले, डावीकडचे अर्धे जसेच्या तसे, मधे सुरीनं कापल्यासारखी रेघ. मी म्हटलं, "काय गं, पोह्यांतही कोपरा ठेवलास का माझ्यासाठी?" सगळे हसले. सर तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. तू बशीकडे बघितलंस आणि म्हणालीस, "संपले तं सारे." मी लिंबू घ्यायला तुझी बशी सरकवली, ती फिरली, आणि तू म्हणालीस, "अरे वा, काकूंनी परत वाढले वाटते," आणि उरलेले खाल्लेस.

तेव्हाही आम्ही हसलो. मडावी तेवढे हसले नाहीत.

त्याच सकाळी मडावींनी सांबराची गोष्ट सांगितली. कोणी विचारलं नव्हतं. कागद मांडीवर ठेवून, खाली बघत. "आमच्याकडे धरणाच्या बाजूले एक सांबर होतं. चांगलं मोठं. ते एकाच अंगानं वळे. पाण्यावर याचं अन् गोल गोल फिरत राहाचं, जसं दुसऱ्या बाजूले जंगलच नाही. जखम नाही, काही नाही."

"मग?" सरांनी विचारलं.

"मग काय सर. पंधरा दिवसांत गेलं."

तू म्हणालीस, "हे माह्याकडे पाहून काऊन सांगून राह्यले, मडावी? मी का सांबर हाय?"

मडावींनी तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. आणि म्हणाले, "नाही ताई, असंच आठवलं." आपला नियम मडावी सगळ्यांत काटेकोर पाळायचे.

एप्रिलच्या शेवटच्या बुधवारी तू दुकानात आलीस तेव्हा कूलरचा मोठा आवाज होता आणि मी एका वरपित्याशी दोन तास डोकं लावून दमले होते. तू कागद काउंटरवर ठेवलास. अर्धा रिकामा. मधोमध रेघ. डावीकडे एक अक्षर नाही. तो सतरावा कागद.

"कुमुद, हे काय आहे?"

"कोडं."

"अर्धं कोडं आहे. मी तुझ्याकडे शिकवणी लावली आहे का?"

"अर्धं काऊन?" तू म्हणालीस. "मी तेच सांगाले आली. या बारीले सारंच भरून टाकलं मी. नादात राह्यली अन् तुह्यासाठी कोपरा ठेवाचा भुलली. रागावू नको."

तू माफी मागायला आली होतीस. हे मी शंभर वेळा उलटसुलट करून पाहिलं आहे आणि त्यात कुठलीच हूल सापडत नाही. तू सरळ वाक्य बोलली होतीस, तुला दिसत होतं ते आणि तेवढंच. पण समोर अर्धा कोरा कागद पडलेला असताना 'सारंच भरलं' म्हणणाऱ्या बाईवर मी विश्वास कसा ठेवणार? मला वाटलं, तू चिडवते आहेस.

"थट्टा करतेस माझी?"

"थट्टा तूच करून राह्यली, नंदा. भरलेल्या कागदाले अर्धा म्हणते."

"मला तुझी दया नकोय. काकूंना सांगून आलीस ना, नंदा एकटी पडली म्हणून? मी बरी आहे. तुझे कोपरे तुझ्याजवळ ठेव."

तू बराच वेळ कागदाकडे बघत राहिलीस. बोट ठेवून एकेक ओळ तपासलीस, उजवीकडची. मग म्हणालीस, "काय झालं वं तुले?" आणि वळलीस. बाहेर पडताना तुझा डावा खांदा शटरच्या चौकटीवर आदळला. मोठा आवाज झाला. तू चौकटीकडे वळूनही पाहिलं नाहीस, खांदा चोळत पायऱ्या उतरलीस.

मी काउंटरमागून उठले नाही.

तीन रविवार मी पवनारला गेले नाही. सरांना सांगितलं, लग्नसराई आहे. चौथ्या शनिवारी विलासचा फोन आला. तू सेलूच्या रस्त्यावर डावीकडच्या नालीत गाडीसकट गेली होतीस. खरचटण्यापलीकडे लागलं नव्हतं. पण तिथल्या डॉक्टरनं तुला चालायला सांगितलं आणि तू सरळ भिंतीत गेलीस. त्यानं लगेच नागपूरला पाठवलं.

नागपूरला मी पोचले तेव्हा मोठे डॉक्टर विलासला सांगत होते. मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ आहे. डोळे उत्तम आहेत, पण मेंदूनं जगाची डावी बाजूच सोडून दिली आहे. "आणि पेशंटला ते कळत नाही. अंधार दिसतो असं नाही. तिच्या दृष्टीनं तिथे काही नसतंच."

मग त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

विलास म्हणाला, "दोन आठवडे झाले असतील. गाडी घासून राह्यली होती."

मी तिथेच उभी होते. माझ्या पर्समध्ये सतरावा कागद होता, भांडण मिटवायचं म्हणून आणलेला. खणात बाकीचे सोळा होते, प्रत्येकावर तारीख. त्या इमारतीत तुझा आजार कधी सुरू झाला हे आठवड्याच्या हिशेबात सांगू शकणारी मी एकटी होते. मी बोलले नाही. डॉक्टरांनी 'दोन आठवडे' लिहून घेतलं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दुपारी विलास जेवायला खाली गेला आणि आपण दोघीच होतो. मी तुझ्या उजव्या बाजूला बसले. तोपर्यंत एवढं कळलं होतं. तू म्हणालीस, "कोडं आणलं का?" मी तो कागद काढला. तू त्याच्याकडे बघून म्हणालीस, "हे तं झालेलं हाय. ज्याच्यावरून तू भांडली."

मला पोह्यांची बशी आठवली. मी कागद उलटा फिरवला, डोकं खाली, पाय वर. जे डावीकडे होतं ते तुझ्या उजव्या हाताशी आलं.

तुझा चेहरा मी विसरू शकत नाही असं लिहिणार होते, पण तुझा चेहरा बदललाच नाही. तू फक्त बोट पुढे नेलंस, रिकाम्या घरांवरून फिरवलंस आणि हळूच विचारलंस, "नंदा, हे कोणी खोडलं?"

"कोणी नाही."

"मंग मी भरलंच नव्हतं?"

मी कागद तसाच धरून ठेवला.

"कधीपासून?"

तेच, डॉक्टरांनी विचारलेलं. आणि मी म्हटलं, "हा एकच कागद, कुमुद. बाकीच्यांत माझ्या कोपऱ्याखेरीज सगळं भरलं होतंस."

तू माझ्याकडे पाहिलंस. नऊ वर्षं तू हूल पकडत आली होतीस. माझी ती हूल तुला सुटली नसेल असं मी समजत नाही. पण तूही नियम पाळलास. विचारलं नाहीस. म्हणालीस, "पेन दे." मी सूत्रं वाचत गेले आणि उलट्या कागदावर उलटी अक्षरं काढत तू चार शब्द भरलेस, वाकडेतिकडे, घराबाहेर जाणारे. पाचव्याला थांबलीस, पेनाचं टोपण लावलंस आणि कागद माझ्याकडे सरकवलास.

"एवढं तुह्यासाठी," म्हणालीस.

तो खरा कोपरा होता. नऊ शब्द आहेत. मी ते अजून भरलेले नाहीत.

शस्त्रक्रियेनंतर तू बोलली नाहीस. तीन आठवडे तू श्वास घेत होतीस, पण ते बोलणं नव्हे. तू गेल्यावर मी डॉक्टरांना एकटीनं भेटले आणि कागद त्यांच्यासमोर मांडून विचारलं, चार महिने आधी कळलं असतं तर? त्यांनी कागद नीट पाहिले. म्हणाले, फरक पडला असता. किती, हे सांगता येणार नाही. मला समजूत नको होती आणि त्यांनी ती घातली नाही. त्याबद्दल मी त्यांचे आभार मानले.

विलास पत्रिका न्यायला आला त्या दिवशी त्यालाही दाखवले. सतराही, काउंटरवर ओळीनं. हिरवं तिचं, पेन्सिल माझी, असं सांगितलं. कोड्यातलं त्याला काही कळत नाही, पण त्याला काही समजावून सांगायची गरज पडली नाही. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला.

"हे तुम्हाले तेव्हा दिसत होतं?"

"दिसत होतं."

"अन् तुम्ही तिले विचारलं नाई?"

"आमचा नियम होता," मी म्हटलं. दुकानात उभं राहून, कूलरच्या आवाजात, ते वाक्य कसं ऐकू येतं ते मला तेव्हा कळलं.

त्यानं पत्रिकांचा गठ्ठा उचलला. पायरीवर थांबला. "एक फोन तं कराचा होता, ताई," म्हणाला, आणि गेला. तेरवीला त्यानं मला पानावर बसवलं, वाढलं, पाणी विचारलं. माझ्या नजरेला नजर दिली नाही. देईल तेव्हा देईल.

तुझे माझ्यावर उपकार खूप आहेत, कुमुद, आणि मी ते कधी बोलले नाही, कारण तुला ते आवडलं नसतं. नवरा गेल्यावर दुकान चालवताना मी माणसांशी फक्त कामापुरतं बोलायला शिकले होते. बुधवारी तू यायचीस ती दहा मिनिटं सोडून. त्या दहा मिनिटांत आपण एकमेकींना एकही उपयोगाचा शब्द बोललो नसू. 'रावा कसा आला?' 'वारा उलटला म्हणून.' एवढंच. आणि भांडायचो. सूत्रात हूल किती असावी यावरचं आपलं भांडण अजून अर्धंच आहे. तू म्हणायचीस, उत्तर कितीही दडवा, पण ते कागदावरच पाहिजे, बाहेर नको; हे सोडवणाऱ्याला दिलेलं वचन आहे. मी म्हणायचे, इतकं प्रामाणिक असलं तर मजा काय? तुझं बरोबर होतं. उत्तर कागदावरच होतं.

तेरवीनंतरच्या रविवारी मी पवनारला गेले. जायचं नव्हतं. पण न जाऊन मी दुसरं काय केलं असतं?

ओसरीवर तीन खुर्च्या होत्या. काकूंनी चौथी आत नेली होती. मडावी नेहमीच्या जागी. सरांनी नवा कागद काढला, आणि या वेळी प्रत एकच होती. त्यांनी तो माझ्या हातात दिला. सर तुझ्या जाण्यानं खचले असतील असं मला वाटलं होतं, पण ते उत्साहात होते. म्हणाले, "आडवं एक बघा, सुनंदाबाई. काल आंघोळ करताना सुचलं. नऊ वर्षांत इतकं स्वच्छ सूत्र मला जमलं नव्हतं."

मी आडवं एक वाचलं.

'बाबा, जरी उशीर झाला तरी आत धान्य आहे. तीन अक्षरं.'

तुला माहीत आहे, सर एक सूत्र दोनदा देत नाहीत. वापरलेलं प्रत्येक सूत्र ते वहीत उतरवतात आणि नवं कोडं त्या वहीशी ताडून पाहतात. ती वही त्यांच्या मांडीवरच होती. मी कागद मडावींकडे दिला. त्यांनी वाचलं आणि मान वर केली नाही. अगदी हळू, मला ऐकू येईल इतकंच, म्हणाले, "ताई, मागच्या दोन कोड्यांतही जुनी होती. तीन-चार. मी बोललो नाही."

सर आमच्याकडे बघत होते. हसरे, वाट बघत असलेले. पहिल्या दिवशी माझ्या दुकानात तुझ्याकडे पाहिलं होतं तसे. मी फक्त 'वा सर' म्हणायचा अवकाश होता. तेवढ्यानं रविवार साजरा झाला असता, पोहे आले असते, आणि पुढचाही झाला असता.

"सर, हे तुम्ही आधी दिलेलं आहे," मी म्हटलं. "पहिल्या दिवशी. हेच आडवं एक होतं. कुमुदनं सोडवलं होतं."

सरांचं हसू तिथेच राहिलं, पण डोळे त्यातून निघून गेले. ते वही चाळू लागले. पानं पुढे, पानं मागे. मग त्यांनी वही मिटली आणि जरा कडक आवाजात म्हणाले, "असं विचारत नसतात, सुनंदाबाई. आपला नियम आहे."

"नियम कुमुदचा होता, सर."

"मग?"

"ती गेली."

मडावींनी कागद खाली ठेवला. मी माझी खुर्ची सरांच्या समोर ओढली, अगदी समोर, आणि विचारलं, "कधीपासून?"

सर परत वही उघडू लागले. काकू पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"दिवाळीपासून," त्या म्हणाल्या.

मी पेन्सिल खाली ठेवली आणि नागपूरच्या डॉक्टरांना फोन लावला.